कडेवरच्या रोपाचा वाद

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याचे वर्ष कसे जाणार, हे पावसाइतकेच एका आकड्यावर ठरत असे. तो आकडा म्हणजे आणेवारी. पीक उभे असताना गावकामगार आणि महसुली अधिकारी नजरेने अंदाज बांधत की यंदा सोळापैकी सहा आणे पीक आहे, यंदा आठ आणे आहे. पीक चार आण्यांच्या खाली गेले तर सारा पूर्ण तहकूब आणि चार ते सहा आण्यांच्या दरम्यान राहिले तर अर्धा तहकूब, असा दंडक होता. १९१८ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात याच आकड्यावरून सत्याग्रह उभा राहिला. सरकारी कागद सांगत होता की पीक चार आण्यांच्या वर आहे, आणि शेतकरी सांगत होते की ते खाली आहे. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर चौकशीसाठी जिल्ह्यात गेले. गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून स्वतः पीक पाहू लागले. निःपक्ष चौकशी करा, ही त्यांची मागणी सरकारने मानली नाही.

खेडा जिल्ह्यातल्या त्या लढ्याचे राजकीय मोल मोठे आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली होती, आणि तिच्याकडे आपल्या इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. दोन्ही पक्षांकडे पीक मोजण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे डोळे. अधिकाऱ्याचा डोळा खरा की शेतकऱ्याचा, हे ठरवणारी तिसरी गोष्ट, दोघांनीही मान्य करावी अशी मोजणीची रीत, देशात अस्तित्वातच नव्हती. ती रीत पुढच्या तीस-चाळीस वर्षांत घडली. ती घडवणाऱ्यांत साताऱ्याकडचा एक संख्याशास्त्रज्ञ होता. त्याने आपल्या काळातल्या सर्वांत वजनदार संख्याशास्त्रज्ञाची पद्धत शेतात जाऊन तपासली आणि ती चुकते आहे, असे छापून सांगितले.

तेव्हा देशाच्या धान्याचा हिशेब तीन आकड्यांच्या गुणाकाराने होई. पिकाखालचे क्षेत्र, त्या भागातले एकरी 'सर्वसाधारण' उत्पन्न आणि त्या वर्षाची आणेवारी. क्षेत्राचा आकडा रयतवारी मुलखात बरा असे, कारण तिथे तलाठी होता आणि पीक पाहणीचा कागद होता. बंगाल-बिहारमध्ये कायमधाऱ्यामुळे गावपातळीवर महसुली यंत्रणाच नव्हती, त्यामुळे तिथला क्षेत्राचा आकडाही ऐकीव. 'सर्वसाधारण' उत्पन्न कधीकाळी ठरवलेले आणि क्वचितच तपासलेले. कुठे पूर्ण पीक सोळा आण्यांचे धरत, तर कुठे बारा आण्यांचे पीक सर्वसाधारण मानत. त्यावर नजरेच्या आण्यांचा गुणाकार. तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून प्रांतात आणि प्रांतातून दिल्लीला जाताना हे आकडे बेरजेत नीटनेटके दिसत, पण त्यांच्या मुळाशी त्या वर्षी प्रत्यक्ष तोललेले धान्य क्वचितच असे.

यदृच्छ निवडलेल्या शेतात तराजू आणला तो जे. ए. हबॅक या आय.सी.एस. अधिकाऱ्याने. १९२३ ते १९२५ या काळात बिहार आणि ओरिसात त्याने भाताच्या शेतांत त्रिकोणी चौकट टाकून तेवढेच पीक कापले आणि तोलले. त्याचा त्रिकोण एकराच्या ३२०० व्या भागाचा, म्हणजे सुमारे साडेतेरा चौरस फुटांचा होता. शेत आणि शेतातली जागा निवडताना मर्जी चालू द्यायची नाही, निवड यदृच्छ हवी, हा आग्रह त्याने धरला. १९२७ मध्ये पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेने त्याचा अहवाल छापला. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या आर. ए. फिशरलाही या कामाचे महत्त्व पटले होते. सरकारी कपाटात मात्र तो अहवाल बरीच वर्षे पडून राहिला.

हे काम मोठ्या प्रमाणावर उचलले प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या माणसाने १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३३ मध्ये 'सांख्य' हे नियतकालिक सुरू केले. १९३७ पासून बंगालच्या तागावर त्यांनी नमुना पाहणीचे प्रयोग केले. प्रांतातला प्रत्येक तुकडा मोजण्याऐवजी यदृच्छ निवडलेले थोडे तुकडे नीट मोजा, हे त्यांचे म्हणणे अनेकांना धाडसाचे वाटले. पण तागाला बाजार होता, गिरण्या होत्या, निर्यातीचे दप्तर होते. त्यामुळे अंदाज खरा की खोटा हे पुढे कळत असे. सरकारने प्रचंड खर्चाने केलेल्या संपूर्ण मोजणीपेक्षा महालनोबिसांची स्वस्तातली नमुना पाहणी व्यापाराच्या आकड्याच्या अधिक जवळ आली.

महालनोबिसांची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे माणसाच्या चुकीवर ठेवलेली पाळत. एकाच मुलखात ते एकमेकांत गुंफलेले दोन स्वतंत्र नमुने घेत आणि दोन वेगळ्या तुकड्यांना पाठवत. एका तुकडीला दुसरीचे आकडे ठाऊक नसत. दोन्हींची उत्तरे जवळ आली तर ठीक, फार फरक पडला तर कुठेतरी हलगर्जी झाली आहे, हे घरबसल्या कळे. मोजणारा माणूसही मोजला गेला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी पाहणीच्या रचनेतच बसवले. १९४५ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. देशातल्या संख्याशास्त्रात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला होता.

याच सुमारास दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे काम करत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून गणित घेऊन पदवी मिळवल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे नेमन, इगॉन पिअर्सन आणि फिशर या संख्याशास्त्रातल्या दिग्गजांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९४० मध्ये ते परिषदेत आले. त्यांच्याबरोबर या विषयात खपणारे दुसरे मराठी नाव विनायक गोविंद पानसे यांचे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेतल्या पानशांनी कापसाच्या उत्पन्नाच्या अंदाजावर काम केले होते. कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलेले संख्याशास्त्राचे पुस्तक पुढे या दोघांनी मिळून लिहिले.

काळ कठीण होता. ब्रह्मदेशाचा तांदूळ युद्धाने बंद झाला आणि १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून गेली. दुष्काळ चौकशी आयोगाचे अहवाल १९४५ मध्ये आले. त्यांनी दुष्काळामागची अनेक कारणे तपासली, आणि बंगालच्या पिकांचे आकडे विसंबण्याजोगे नव्हते, हेही त्या चौकशीत स्पष्ट झाले. प्रांतात धान्य किती आहे हे सरकारला नेमके माहीत नसताना सरकार निर्णय घेत होते. आकडेवारीच्या वादाला आपण नंतर कितीही तांत्रिक म्हटले, तरी त्याच्या मागे हे मरण उभे होते, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना त्याची जाण होती. महालनोबिसांच्या संस्थेने दुष्काळानंतर बंगालच्या खेड्यांची पाहणी करून वाताहतीची नोंद केली होती. सुखात्म्यांनी तर पुढचे सारे आयुष्य भुकेच्या मोजमापाला वाहिले.

वाद लागला तो कापणीच्या आकारावरून. सांख्यिकी संस्थेची माणसे शेतात लहान वर्तुळे कापत. त्यांतले सर्वांत आतले वर्तुळ दोन फूट त्रिज्येचे, म्हणजे साडेबारा चौरस फुटांचे. लहान कापणीला वेळ कमी, मजुरी कमी, एका दिवसात अनेक शेते होतात. सिद्धांताच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते, कारण पुरेशी वर्तुळे घेतली की सरासरी खऱ्याजवळ यायला हवी. सुखात्म्यांना शंका आली ती सिद्धांताबद्दल नव्हती. शेतात दोरी धरून वाकलेला माणूस काय करतो, हा त्यांचा प्रश्न होता.

वर्तुळाच्या रेषेवरच एक रोप उभे आहे. ते आत धरायचे की बाहेर? नियम सांगतो की बुंधा आत असेल तर आत. पण ओंब्या झुकलेल्या असतात, दोरी दाट पिकात सरळ बसत नाही, आणि कापणाऱ्याचा हात नकळत त्या रोपाला आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ साडेबारा फूट आणि क्षेत्रही साडेबारा चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. याउलट तेहतीस फूट बाजूच्या समभुज त्रिकोणाची कड ९९ फूट, पण क्षेत्र ४७१ चौरस फूट. तिथे दर चौरस फुटामागे कड जेमतेम पाव फूटही नाही. कापणारा कडेवर सगळीकडे केवळ दोन इंच बाहेर सरकला, तर मोठ्या त्रिकोणात क्षेत्र साडेतीन टक्क्यांनी वाढते. लहान वर्तुळात तेच दोन इंच सतरा टक्क्यांची भर घालतात.

या चुकीचा स्वभाव वाईट आहे. शेतागणिक उत्पन्न कमी-जास्त असल्याने जी चूक होते, ती नमुना वाढवला की घटते, कारण कमी आणि जास्त एकमेकांना खातात. कडेवरचे रोप मात्र नेहमी आतच ओढले जाते. दहा वर्तुळे घ्या की दहा हजार, फुगवटा तेवढाच राहतो. उलट नमुना जितका मोठा, तितका त्या चुकलेल्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढत जातो. आकडेवारी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

सुखात्म्यांनी केवळ शंका मांडली नाही. संयुक्त प्रांतातल्या मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या कापण्या घेतल्या. त्यांत तेहतीस फूट बाजूचा मोठा त्रिकोण, त्याहून लहान त्रिकोण, तीन फूट त्रिज्येचे वर्तुळ आणि दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ होते. त्यांची एकरी उत्पन्ने शेजारी मांडली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. कापणी जसजशी लहान, तसतसे उत्पन्न फुगत गेले. सर्वांत लहान वर्तुळात हा फुगवटा चाळीस टक्क्यांच्या घरात पोचला होता. १९४६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांचे टिपण आले आणि १९४७ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सविस्तर लेख. चौतीस-पस्तीस वर्षांच्या या अधिकाऱ्याने रॉयल सोसायटीच्या सदस्याच्या पद्धतीवर जगासमोर बोट ठेवले होते.

महालनोबिसांनीही उत्तर छापून दिले. १९४६ च्या 'सांख्य'मध्ये भारतातल्या पीक पाहण्यांवर त्यांचा लेख आला. त्यांच्या बाजूचे मुद्दे हलके नव्हते. लहान कापणी नवख्याच्या हाती फसेल, पण वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या, निवडून तयार केलेल्या पाहणीदारांच्या हाती ती चालते. शिवाय सुखात्म्यांच्या परिषदेच्या पद्धतीत मोठे प्लॉट कापण्याचे काम महसूल आणि कृषी खात्याच्या त्याच माणसांकडे होते, ज्यांच्या आणेवारीवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. त्यांच्या कामाची स्वतंत्र तपासणी कोण करणार? प्लॉट मोठा असला म्हणून तो खरोखर यदृच्छ निवडला गेला आणि धान्य खरोखर तोलले गेले, याची खात्री काय? त्याच अंकाच्या सुमारास 'सांख्य'ने हबॅकचा जुना अहवालही पुन्हा छापला. आपली परंपरा कुठून आली, हे त्यातून वाचकांना कळावे असा तो प्रयत्न असावा.

दोघांमध्ये कटुता आली आणि ती दोन संस्थांमध्येही उतरली. तरी या भांडणाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कोणीही समोरच्याला खोटारडा म्हणून सुटला नाही. प्रत्येकाने शेतात जाऊन कापण्या घेतल्या, आकारासहित आकडे मांडले आणि ज्यांना तपासायचे त्यांनी तपासावे म्हणून ते छापले. १९५१ मध्ये महालनोबिस आणि जे. एम. सेनगुप्ता यांनी १९३९ ते १९५० या काळातल्या स्वतःच्या संस्थेच्या कापण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. फार लहान कापण्यांत उत्पन्न फुगते, हे त्यांच्याही आकड्यांत दिसले. आकार पुरेसा वाढवला की तो दोष ओसरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. संस्थेच्या पाहण्यांत पुढे चार फूट त्रिज्येचे वर्तुळ वापरले गेले. विज्ञानात माघार अशीच घेतली जाते, नव्या मोजमापाच्या रूपाने, आणि तिच्यात अपमान नसतो.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत १८३३ गावे निवडली होती आणि प्रश्नपत्रिकांचे दोन संच केले होते. ११८९ गावांत कलकत्त्याच्या संस्थेचा संच आणि ६४४ गावांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तयार केलेला. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी पुण्याच्या प्रश्नपत्रिकांवर अहवाल लिहिला आणि १९५३ मध्ये तो छापला गेला. प्रश्न कसा विचारला की उत्तर कसे बदलते, हे देशाच्या पहिल्याच मोठ्या पाहणीत तपासायची सोय ठेवली गेली होती. गरीब, नवस्वतंत्र देशाने आपल्या आकड्यांसाठी घेतलेली ही काळजी अभिमानाने सांगावी अशी आहे.

पण पिकांचे दोन आकडे चालूच राहिले. परिषदेच्या पद्धतीवर उभा असलेला राज्यांचा अधिकृत आकडा एक, आणि नमुना पाहणीचा दुसरा. दुसरा पहिल्यापेक्षा बराच वर असे. ज्या काळात अमेरिकेकडून पी.एल. ४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली गहू आणायचा की नाही आणि किती आणायचा हे ठरत होते, त्या काळात धान्याच्या उत्पादनाचे दोन आकडे असणे म्हणजे दोन धोरणे असणे. समित्या बसल्या, तज्ज्ञांनी दोन्ही मालिका पिंजून काढल्या. अखेर १९७० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची फेररचना झाली. तिच्या नियामक परिषदेचे अध्यक्षपद वि. म. दांडेकरांनीही सांभाळले. अंदाज राज्यांनी मोठ्या प्लॉटच्या पीक कापणी प्रयोगांतून काढायचा, हे ठरून गेले. १९७३-७४ पासून पीक आकडेवारी सुधारणा योजना आली. तिच्यात राज्यांच्या पीक पाहणीची आणि कापणीची काही ठिकाणी स्वतंत्र तपासणी होऊ लागली आणि दोष नोंदवले जाऊ लागले.

या तडजोडीत कोण जिंकले? प्लॉट सुखात्म्यांचा राहिला. मोजणाऱ्यावर दुसरा मोजणारा नेमायचा, हे तत्त्व महालनोबिसांचे राहिले. भांडण उघड्यावर, पुराव्यानिशी झाले म्हणून दोघांचेही बरोबर असलेले तेवढे देशाच्या वाट्याला आले. एकाच्या मोठेपणापुढे दुसरा गप्प बसला असता, तर आपल्याला एकाचे अर्धे सत्य आणि त्याची पूर्ण चूक मिळाली असती.

पद्धत उघडपणे तपासली जाण्याच्या या नियमाला सुखात्मे स्वतःही अपवाद ठरले नाहीत. १९५१ मध्ये ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले आणि तिच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत, हे तेव्हा सर्वमुखी असलेले विधान त्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे तपासून पाहिले आणि ते टिकत नाही असे दाखवले. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला २२५० उष्मांकांचा आधार घेऊन भारतातल्या दारिद्र्याचे मोजमाप मांडले होते. सुखात्म्यांनी त्या पायालाच हरकत घेतली. एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमी-जास्त होते, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांना सडेतोड उत्तर दिले. अनेक पोषणशास्त्रज्ञांनीही सुखात्म्यांचे गृहीतक धोक्याचे मानले, कारण त्यातून गरिबाच्या कमी खाण्याला शास्त्राची संमती मिळेल अशी भीती होती. सुखात्मे आणि दांडेकर दोघेही सातारकर, दोघेही पुण्यात, दोघेही एकमेकांचे कठोर परीक्षक. दुसऱ्याची पद्धत तपासण्याचा हक्क ज्याने आयुष्यभर बजावला, त्याची पद्धतही तितक्याच कसोशीने तपासली गेली. हे योग्यच झाले.

आज महाराष्ट्रात पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा बहुतेक पिकांसाठी दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद प्लॉट आखतात. हे क्षेत्र सुमारे ५३८ चौरस फूट भरते, म्हणजे सुखात्म्यांच्या काळातल्या मोठ्या प्लॉटच्याच जातीचे. शेत यदृच्छ आकड्याने निवडायचे, नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यदृच्छ पावले मोजायची, दोरी ताणायची, कापायचे, मळायचे, तोलायचे आणि वाळल्यावरचे वजन धरायचे. २०१६ पासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेत नुकसानभरपाई याच तोलावर ठरू लागली. त्या योजनेने मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायतीमागे किमान चार प्रयोग सांगितले. चार प्लॉटवर साऱ्या गावाची भरपाई ठरत असेल, तर त्यातल्या एकाची दोरी जरी ढिली पडली, तरी त्याची किंमत शेकडो घरे मोजतात. कडेवरची रोपे आत ओढली की उत्पन्न फुगते, आणि उत्पन्न फुगले की भरपाई बुडते.

म्हणून ही कहाणी केवळ अभ्यासकांची नाही. तुमच्या गावात पीक कापणी प्रयोग ठरला असेल तर त्या दिवशी शेतावर हजर राहा. गट नंबर कसा निघाला ते विचारा, दोरी कुठून गेली ते पाहा, कडेवरचे रोप कोणी कुठे धरले ते पाहा, वजन तुमच्यासमोर करायला लावा आणि नोंदीवर सही करण्याआधी ती वाचा. शंका आली तर ती लेखी द्या. मोजणाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर आळ घेणे नव्हे. महालनोबिसांना सुखात्म्यांनी आणि सुखात्म्यांना दांडेकरांनी प्रश्न विचारले, म्हणून आपल्याला विश्वास ठेवण्याजोगी रीत मिळाली. ती टिकवायची असेल तर प्रश्न विचारणारे डोळे बांधावर असलेच पाहिजेत.